चौसष्ट कला आणि एक लेखणी

(बडोदे येथे मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या मंचावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. मी त्या पंक्तीतला नाही. एका रासायनिक कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात ३५ वर्षे नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता मोडी लिपीतले जुने कागद वाचतो. चिटणीस घरी आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मोडीवर तासभर बोललो तर मांडव रिकामा होईल." ते म्हणाले, "मोडीवर नको. आपल्या मुलांचा एक प्रश्न आहे, त्यावर बोला."

प्रश्न असा की, मला गाणे आवडते, चित्रे काढायला आवडतात, संगणकावर प्रोग्रॅम लिहायला आवडतात आणि क्रिकेटही सोडवत नाही. सगळेच थोडे थोडे येते. आई म्हणते, एक काहीतरी धर. एक धरायचे म्हणजे बाकीच्यांचा गळा दाबायचा का? आणि धरायचे ते कोणते, हे ओळखायचे कसे?

प्रश्न मुलांनी विचारला असला तरी तो पन्नाशीच्या माणसालाही पडतो. कपाटावर धूळ खात पडलेली पेटी, अर्धवट विणलेला स्वेटर, पहिल्या दहा पानांवर खुणा केलेले जर्मन भाषेचे पुस्तक, हे कोणाच्या घरात नाही?

ज्याच्या उत्सवात आपण जमलो आहोत, त्याच्यापासूनच सुरुवात करू. गणपती चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. म्हणजे या प्रश्नाचा सगळ्यात मोठा रुग्ण तोच! पण व्यासांना महाभारत लिहून घ्यायचे होते तेव्हाची कथा आठवा. गणपतीने अट घातली की, माझी लेखणी एकदा चालू झाली की थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. दोघांनी मान्य केले आणि काम तडीला गेले. लिहायला बसला तेव्हा तो नाचला नाही, मृदंग वाजवला नाही. चौसष्ट कला त्याच्याकडून कोणी काढून घेतल्या नव्हत्या, पण त्या काळापुरती हातात एकच लेखणी होती. शिवाय दोन अटी होत्या, सातत्य आणि समज. या दोन अटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता थोडा हिशेब करू. मी मेंटेनन्सचा माणूस, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ गेले. नोकरी आणि जाणे-येणे मिळून सहा दिवसांचे ६० गेले. आंघोळ, जेवण, बाजार, घरकाम यांना रोज चार तास धरले तर २८ गेले. राहिले २४. त्यातले निम्मे पाहुणे, लग्नकार्य, आजारपण आणि मोबाईल खातो. म्हणजे हातात १२ तास. पाच आवडी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीच तासही येत नाहीत. वर्षाचे साधारण सव्वाशे तास. तेच एका आवडीला दिले तर वर्षाचे सव्वासहाशे. दहा वर्षांनी पहिला माणूस पाच गोष्टींत "बरा" असतो आणि दुसऱ्याकडे लोक शिकायला येतात.

पण नुसत्या हिशेबाने आयुष्य ठरत नाही. म्हणून काही माणसे पाहू. यातली दोन आपल्या बडोद्याशी जोडलेली आहेत.

पहिले दादासाहेब फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात आले. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली ही संस्था सुरू झाली होती. इथे ते चित्रकला, वास्तुकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांत रमले. पुढे गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून "प्रोफेसर केळफा" या नावाने ते करूनही दाखवले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली. मग लोणावळ्याला छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही, तोही सोडला. विचार करा, असा जावई असता तर आपण काय म्हटले असते? "गुणी आहे हो, पण एका जागी टिकत नाही!"

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. चाळिशी उलटून गेली होती. त्यानंतर मात्र दुसरे काही नाही. विम्याची पॉलिसी तारण ठेवली, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था केली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात "राजा हरिश्चंद्र" लोकांपुढे आला. आता गंमत बघा. पडदे रंगवणे, छायाचित्रण, रसायने, मूर्तिकाम, नाटक, जादूतली दृष्टिभ्रमाची कला, यातले काहीही वाया गेले नाही. एका कामाने सगळ्यांना नोकरी दिली.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये की, आपणही चाळिशीपर्यंत फिरत राहावे, एक दिवस सिनेमा दिसेल. फाळके प्रत्येक गोष्ट पोटापाण्याला पुरेल इतकी शिकले होते. तबल्याच्या तीन महिन्यांच्या क्लासला आणि गिटारच्या दोन महिन्यांच्या क्लासला तो न्याय लागू नाही.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. शिक्षणाने वकील. १८८७ साली एलएल.बी. झाले, वकिली केली. आवड मात्र संगीताची. सतार शिकले होते, गाणेही शिकत होते. आधी पत्नी गेली, मग मुलगी गेली, आणि पुढे त्यांनी वकिली बाजूला ठेवून उरलेले आयुष्य संगीताला दिले. ही निवड सर्वांना माहीत असते. मला महत्त्वाची वाटते ती तिच्या आतली दुसरी निवड. संगीत धरले म्हणजे मैफलीचा गवई व्हायचे, असे त्यांनी ठरवले नाही. घराण्याघराण्यांत, उस्तादांच्या गळ्यात अडकलेल्या चिजा गोळा करायच्या, स्वरलिपीत लिहायच्या, रागांची शिस्तशीर मांडणी करायची, हे काम त्यांनी धरले. १९०४ साली दक्षिणेत, नंतर उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानात ते हिंडले. जुनी हस्तलिखिते पाहिली, ज्यांनी दार उघडले त्यांच्याकडून आणि ज्यांनी आढेवेढे घेतले त्यांच्याकडूनही चिजा मिळवल्या. दहा थाटांची व्यवस्था आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग यातून उभे राहिले. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती आपल्या बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय निघाले. भातखंड्यांचे निधन झाले ते १९ सप्टेंबर १९३६ रोजी, आणि त्या दिवशी गणेशचतुर्थी होती.

म्हणजे "मला संगीत आवडते" एवढे म्हणून निवड संपत नाही. संगीतात गाणे आहे, शिकवणे आहे, लिहिणे आहे, वाद्ये बनवणे आहे. मुलांनो, "क्रिकेट की संगणक" या प्रश्नावर अडकण्याआधी क्रिकेटमधले नेमके काय आणि संगणकातले नेमके काय, हे स्वतःला विचारा. दोन आवडींच्या आत कधी कधी एकच गोष्ट सापडते. एखाद्याला सामना खेळण्यापेक्षा धावांच्या आकड्यांतच जास्त रस असतो.

आता पालकांच्या मनातला प्रश्न घेतो, पोटाचे काय? इथे दोन डॉक्टर आठवतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत त्यांनी व्यवसाय केला. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, तो सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी "नटसम्राट" उभा राहिला. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. "घाशीराम कोतवाल"मध्ये नाना फडणवीस गाजवला, चित्रपट केले, पण वैद्यकीय अध्यापन सोडले नाही. दोघेही नाटकवाले, दोघेही डॉक्टर, उत्तरे मात्र दोन. त्यामुळे "सगळे सोडून झोकून दे" हा सल्ला मी सरसकट देणार नाही, आणि "आधी नोकरी पक्की कर, मग बघू" हाही सरसकट देणार नाही. दोघांकडे हाताशी एक पक्के कौशल्य होते, एवढे मात्र ध्यानात घ्या. आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर वेगळ्या शाखेचा जोडविषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. आमच्या वेळी सायन्सच्या मुलाने संस्कृत मागितले की कारकून वर बघायचा.

तिसरे नाव लोकमान्य टिळकांचे. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवात त्यांना वगळून कसे चालेल? त्यांची पदवी गणिताची, शिकवतही गणित. कायद्याचे शिक्षण, संस्कृतचा व्यासंग, ज्योतिर्गणिताचा नाद. १८९३ साली सार्वजनिक उत्सवाची धामधूम चालली होती, त्याच वर्षी वेदांच्या काळावरचा त्यांचा "ओरायन" हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण या सगळ्यांत क्रम ठरलेला होता. पहिले पान देशाचे आणि "केसरी"चे. बाकीच्या विद्या वाट पाहत. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेल्यावर पहिले काम बंद पडले. तेव्हा वाट पाहणारी विद्या पुढे आली आणि पेन्सिलीने "गीतारहस्य" लिहिले गेले. १९१५ साली ते छापून निघाले. मुलांचा जो प्रश्न आहे, बाकीच्यांचा गळा दाबायचा का, त्याचे उत्तर मला इथे सापडते. एक निवडणे म्हणजे रांग लावणे. जो रांगेत मागे आहे तो मेलेला नसतो.

आता थोडे माझे. थोरामोठ्यांच्या शेजारी स्वतःला बसवायचे नाही, पण साध्या नोकरदार माणसाला हे कसे करावे लागते तेही सांगायला हवे.

मला चार नाद होते. तबला, मंडळाची नाटके, गच्चीवर दुर्बीण लावून तारे पाहणे आणि मोडी. सगळ्यात आवडता तबला. मी एकेचाळीस वर्षांचा असताना वडिलांना अर्धांगवायू झाला. नाना अंथरुणावर सात वर्षे होते. कारखान्यातून आल्यावर त्यांचे सगळे करायचे, बायकोला जरा मोकळीक द्यायची, मुलांचा अभ्यास घ्यायचा. रात्री दहानंतरचा एक तास माझा उरला. त्या एका तासात चार नाद बसेनात.

तेव्हा मी एक पाहिले. तबल्यात मला टाळी हवी असायची. कायद्याचे पलटे तासभर घासायचे म्हटले की पाणी प्यायला उठावेसे वाटे. मोडीचे उलट होते. आधी पानभर रेघ ओढून तिला लटकवलेली अक्षरे, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, वर शाई फुटलेली. एक ओळ लागायला तीन तीन रात्री जायच्या आणि मला कंटाळा येत नसे. शिवाय रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये तबला वाजवता येत नाही, कागद वाचता येतो! तबल्याची जोडी गवसणीत घालून कपाटावर ठेवली त्या रात्री मला जेवण गेले नाही, हे खरे आहे. पण ठेवली.

पुढे काय झाले ते सांगतो. आपल्या बडोद्यात गायकवाडी अमलातले मोडी कागद दप्तरांत आहेत, जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांत आहेत. वाचणारे थोडे, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाही. एका घरात देवघरातल्या डबीत एक कागद होता. पूर्वजांना महाराजांनी दिलेली सनद म्हणून दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. घरातल्या आजींनी तो माझ्याकडे आणला. वाचला तर तो निघाला कर्जरोखा, शके १७८९ चा, म्हणजे इसवी सन १८६७. मी जरा घाबरतच सांगितले. पण कागदाच्या मागे आणखी चार ओळी होत्या. घरचा कर्ता पुरुष वारल्यावर त्याच्या बायकोने पाटल्या आणि नथ मोडून सगळी रक्कम फेडली आणि सावकाराने "भरून पावलो" म्हणून लिहून दिले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं घर तिनं राखलं. आम्हाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं." कागद परत देवघरात गेला, आता तिच्या नावाने.

बाकीचे नादही वाया गेले नाहीत. तारे पाहता पाहता पंचांगाचे गणित कळले होते, ते तिथी आणि शके जुळवताना उपयोगी पडले. मोडी कागदांत शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत असतात, खमस म्हणजे पाच, अशर म्हणजे दहा; ते बोलासारखे पाठ करायला तबल्याची सवय कामी आली. आणि नाटकामुळे आज तुमच्यापुढे उभे राहायला पाय कापत नाहीत. तबला माझा भाचा वाजवतो. परवाच्या आरतीला तुम्ही ऐकलाच.

तर मुलांनो, ओळखायचे कसे, याला माझ्याकडे तीन कसोट्या आहेत.

पहिली. प्रत्येक कामात एक कंटाळवाणा भाग असतो. गाण्यात पलटे, चित्रात रेघा, प्रोग्रॅममध्ये चुका शोधणे. कोणत्या कामाचा कंटाळवाणा भाग तुम्ही न सांगता करता, ते पाहा. टाळ्यांचा भाग सगळ्यांनाच आवडतो, त्यावरून काही कळत नाही.

दुसरी. ते काम तुम्ही केले नाही तर कोणाचे अडेल? सुरुवातीला कोणाचेच अडणार नाही. पण दोनतीन वर्षांनी एखादा तरी माणूस ते काम घेऊन तुमच्या दाराशी यावा.

तिसरी, मुदत. एक धरा, पण जन्माची शपथ घेऊ नका. एक वर्ष धरा, या गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत. त्या वर्षात सातत्य आणि समज या दोन अटी पाळा. वर्षाने पुन्हा बसून विचार करा. बदलावेसे वाटले तर बदला, पण मधल्या पावसाळ्यात नको.

पालकांना एक विनंती. मुलाने एक धरले की दुसरे सोडल्याबद्दल टोमणे मारू नका. "एवढे पैसे भरले कीबोर्डच्या क्लासला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते पैसे शोधण्याचे होते, शोध लागला, वसूल झाले.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. निवडीचा हा सगळा विचार आपण करतो तेव्हा घरातल्या बाईला तो एक तास मिळतो का, हेही पाहू. सरस्वतीबाई फाळक्यांनी घर सांभाळले, कंपनीतल्या लोकांचे जेवणखाण पाहिले आणि रात्री फिल्मला भोके पाडायचे, रसायने मिसळायचे कामही केले. दादासाहेबांची निवड त्यांच्या खांद्यावर उभी होती. माझ्याही रात्रीच्या तासाच्या आधी नानांचे दिवसभराचे सगळे कोणीतरी केलेले असे. नाना गेल्यावर आम्ही ठरवून वाटणी केली. संध्याकाळचे सहा ते आठ तिचे. ती कथ्थक शिकली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. त्या वेळी कुकर मी लावतो. आपल्या घरात कोणाची आवड माळ्यावर गेली आहे, ते आज रात्री घरी गेल्यावर जरूर विचारा.

शेवटी एक निमंत्रण. अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारपासून मंडळाच्या वाचनालयात मोडीचा वर्ग सुरू होतो आहे. शुल्क नाही. एक वही, एक पेन आणि एक वर्ष एवढे घेऊन यावे. मोडी तुमची आवड नसेल तरी हरकत नाही, दोन शनिवारांत ते कळेल आणि तुमची यादी एकाने कमी होईल. तेही काही कमी काम नाही.

गणपती बाप्पा मोरया!